फेकण्याआधी उघडून पाहा

एलईडी बल्ब बंद पडला की आपण तो काढतो, कानाशी नेऊन हलवतो आणि कचऱ्यात टाकतो. हलवून बघायची सवय जुन्या तारेच्या बल्बची. एलईडीत तुटून वाजेल अशी तार नसते. त्याऐवजी वरचं पांढरं टोपण काढलं तर आत अ‍ॅल्युमिनियमची चकती दिसते आणि तिच्यावर पिवळे चौकोनी ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक दिवा. त्यांतल्या एखाद्यावर बारीकसा काळा डाग पडलेला असतो. स्वस्त बल्बात हे दिवे एकापुढे एक असे सीरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की विजेची वाट तुटते आणि उरलेले धडधाकट दिवेही पेटत नाहीत. कितीतरी बल्बांत बिघाड असतो तो एवढाच. गणपतीत आणि दिवाळीत लावलेल्या माळांचंही तेच. एक तुकडा बंद पडला म्हणून अख्खी माळ पुढच्या वर्षी माळ्यावरून थेट कचऱ्यात जाते.

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण बल्बाचं आहे आणि लेखकाने ते मुद्दाम पहिलं ठेवलं आहे. घरातली सर्वांत स्वस्त, मागेपुढे न पाहता फेकली जाणारी वस्तू आधी उघडायला लावली की पुढच्या वस्तूंची भीती जाते. तालुक्याच्या गावी ज्याने आयुष्यभर रेडिओ, टीव्ही, मिक्सर आणि अलीकडे मोबाइल दुरुस्त केले, अशा माणसाने हे पुस्तक लिहिलं आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आलो. सर्किट कसं उभं करायचं हे आमच्या अभ्यासक्रमात भरपूर होतं. बंद पडलेलं सर्किट समोर आलं तर सुरुवात कुठून करायची, हे फार थोडं होतं. ते ज्ञान दुकानांत होतं. उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे जात होतं आणि कागदावर, त्यातही मराठीत, क्वचितच उतरत होतं. म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

दुरुस्तीचा विचार आज एवढ्या तातडीने का करायचा, ते आधी सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. २०१० साली तो ३ कोटी ४० लाख टन होता. २०२२च्या कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे ती २२.३ टक्क्यांची. हा वेग असाच राहिला तर २०३० साली कचरा ८ कोटी २० लाख टनांवर जाईल, असं हाच अहवाल सांगतो. देशांच्या क्रमवारीत चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ भारत तिसरा आहे.

एवढं वाचल्यावर सुशिक्षित माणसाच्या मनात लगेच पुनर्चक्रीकरणाचा विचार येतो. जुनी उपकरणं नोंदणीकृत केंद्रावर नेऊन दिली की आपलं कर्तव्य झालं, असं आपल्याला वाटतं. केंद्रावर द्यायलाच हवीत, पण त्यातून परत काय मिळतं तेही पाहायला हवं. बोर्ड भरडून, वितळवून त्यातलं तांबं, सोनं, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम निघतं, कारण त्यात पैसा आहे. स्पीकरच्या आणि मोबाइल थरथरवणाऱ्या मोटरच्या चुंबकातलं निओडिमियम, काही कपॅसिटरांमधलं टँटॅलम, पडद्यातलं इंडियम हे बहुतेक राखेत किंवा धातुमळीत जातं. जगाला लागणाऱ्या निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृद्धातूंपैकी ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणातून मिळतात ते साधारण एक टक्का.

आणि धातू परत मिळाले तरी ते धातूच असतात. चिप बनवताना खर्च झालेली वीज, पाणी, रसायनं आणि कामगारांचे तास भरडण्याच्या यंत्रातून परत येत नाहीत. अ‍ॅपल कंपनीच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालांत आयफोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी साधारण चार-पंचमांश वाटा उत्पादनाचा दाखवलेला असतो. आपण तो चार्ज करण्यासाठी वापरलेली वीज त्यापुढे किरकोळ ठरते. म्हणजे फोनने पर्यावरणावर टाकायचा भार तो आपल्या हातात येण्याआधीच बहुतांशी टाकलेला असतो. तो भार दोन वर्षांत संपवायचा की सहा वर्षांवर पसरायचा, एवढंच आपल्या हातात उरतं. युरोपातल्या पर्यावरण संघटनांच्या महासंघाने २०१९ साली हिशेब मांडला होता: युरोपीय संघातल्या सगळ्या स्मार्टफोनांचं आयुष्य फक्त एका वर्षाने वाढलं तर २०३० सालापर्यंत दरवर्षी २१ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल. हे वाचवण्यासाठी नवा शोध लागायला नको. बॅटरी बदलून मिळायला हवी.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक अंग आहे. नोंद न झालेला कचरा हवेत विरत नाही. तो भंगारवाल्याच्या हातगाडीवरून निघतो आणि मुंबईत कुर्ल्याच्या कपाडिया नगरसारख्या वस्त्यांत, दिल्लीत सीलमपूरला, उत्तर प्रदेशात मुरादाबादला पोहोचतो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, तेव्हा त्यांच्या वेष्टनातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात. सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात आणि ते आम्ल गटारात किंवा नदीत जातं. हे काम करणाऱ्यांत बायका आहेत, मुलं आहेत. आपण घरातून ‘हे घेऊन जा’ म्हणून दिलेला सेट-टॉप बॉक्स कोणाच्या तरी फुप्फुसापर्यंत जातो, हे डोळ्यांसमोर ठेवलं पाहिजे.

मात्र भंगारवाल्याला खलनायक ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या देशातली दुरुस्ती ज्या सुट्या भागांवर चालते, त्यांतला मोठा हिस्सा हीच माणसं वेगळा करून बाजारात आणतात. फुटलेल्या टीव्हीचा चालू बोर्ड, बंद लॅपटॉपचा चांगला की-बोर्ड, पाण्यात पडलेल्या फोनचा शाबूत कॅमेरा हे सगळं त्यांच्या डोळ्यांनी आणि हातांनी वाचतं. पुण्यातला जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार ज्याने फिरून पाहिला आहे, त्याला हे सांगायला नको. सुरक्षित जागा, हातमोजे, रास्त भाव आणि कायद्याची ओळख या माणसांना मिळाली, तर देशाची दुरुस्ती-व्यवस्था त्यांच्याच खांद्यावर उभी राहील.

त्या व्यवस्थेचा पाया आपल्याकडे आधीपासून आहे. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड या नुसत्या बाजारपेठा नव्हेत. इथे रेझिस्टर सुटा मिळतो. आयसीचा नंबर सांगितला की दुकानदार डबा न शोधता हात घालून तो काढून देतो, आणि तो नसेल तर त्याच्या जागी कोणता चालेल तेही सांगतो. तालुक्याच्या गावांत मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत. विहिरीवरचा पंप जळाला म्हणून शेतकरी तो फेकत नाही. मोटार खोलतो, जळकी तार काढून नवी भरून घेतो आणि ती पुन्हा पाण्यात सोडतो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा चार्जिंग होत नाही म्हणून फोन बदलतो. फोनच्या चार्जिंगच्या भोकात खिशातल्या कपड्याचा धागा-धूळ दाबून बसलेली असते आणि लाकडी टूथपिकने ती हलक्या हाताने काढली की बऱ्याचदा फोन चार्ज व्हायला लागतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

इथे या पुस्तकाचा गाभा येतो. उपकरणं मोडतात ती साधारण ठरावीक जागी, ठरावीक कारणांनी. बोर्डावर शेकडो भाग असले तरी बिघडणाऱ्यांची यादी लहान असते. जे हलतं ते झिजतं: बटण, स्विच, वायरीचा वाकणारा भाग, मिक्सरचे कार्बन ब्रश, पंख्याचे बेअरिंग. जे तापतं ते वाळतं. एसएमपीएसमधले, म्हणजे उपकरणाला वीज पुरवणाऱ्या भागातले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्यांना आपले मेकॅनिक अजून कंडेन्सर म्हणतात, त्यांच्या आत द्रवरूप पदार्थ असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, शोकेसच्या बंद कप्प्यात, टीव्हीखाली दडपून ठेवलेला सेट-टॉप बॉक्स का टिकत नाही, याचं उत्तर या एका नियमात आहे. असा कपॅसिटर पुष्कळदा डोळ्यांनीच ओळखू येतो. त्याचा वरचा सपाट पत्रा फुगलेला असतो. २०००च्या सुमारास सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभरच्या कॉम्प्युटरांत गेले आणि लाखो मदरबोर्ड त्यापायी भंगारात निघाले. ज्यांनी ते फुगलेले पाच-सहा कपॅसिटर बदलून घेतले त्यांचे कॉम्प्युटर पुढे वर्षानुवर्षं चालले.

तिसरी जागा म्हणजे सांधा. बोर्डावरचा जड भाग तापतो, गार होतो, पुन्हा तापतो. शेवटी त्याच्या पायाभोवतीच्या सोल्डरला केसासारखी गोल चीर पडते. यालाच मेकॅनिक ड्राय सोल्डर म्हणतात. टीव्ही थाप मारली की चालतो, तो याचमुळे. थाप मारणाऱ्याने अर्धं निदान केलेलं असतं. उरलेलं काम सोल्डरिंग आयर्नचं. चौथी जागा हवेची. कोकणात खारट दमट हवेने कनेक्टरांवर हिरवट थर चढतो. मराठवाड्यात-विदर्भात वळवाच्या पावसात वीज कडाडली की राउटर आणि सेट-टॉप बॉक्स आधी जातात, कारण प्लग काढला तरी केबल तशीच लावलेली असते. एसीच्या आणि इन्व्हर्टरच्या बोर्डावर पाल चिकटून शॉर्ट झाल्याच्या तक्रारी प्रत्येक मेकॅनिककडे आहेत. लेखकाने या प्रादेशिक बिघाडांसाठी वेगळं प्रकरण दिलं आहे. परदेशी पुस्तकांत ते कुठेच मिळणार नाही.

काही बिघाड तर बिघाडच नसतात. मिक्सर एकदम बंद पडला, थोडा जळका वास आला की घरात सगळ्यांना वाटतं, मोटार गेली. मिक्सरच्या बुडाला एक लहानसं, बहुधा लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं आणि मोटार वाचवण्यासाठी वीज तोडतं. मिक्सर थोडा गार होऊ द्यावा, ते बटण आत दाबावं, जारमधलं वाटण कमी करावं. हे बटण माहीत नसल्यामुळे चांगले मिक्सर एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकलेले मी पाहिले आहेत. पंखा मंद झाला तर बहुतेक वेळा त्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उतरलेला असतो. उष्मा वाढला, व्होल्टेज कमी आहे, असं म्हणत आपण दोन उन्हाळे काढतो. टीव्हीवर आवाज येतो पण पडदा काळा आहे, अशा वेळी अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. अंधूक चित्र दिसलं तर पडदा शाबूत आहे. मागे उजेड देणारी एलईडीची पट्टी गेली आहे आणि ती बदलता येते. रिमोटची तपासणी तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानेच होते. बटण दाबल्यावर रिमोटच्या टोकाचा दिवा बऱ्याच फोनांच्या कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकताना दिसतो. तो दिसला तर दोष टीव्हीकडे शोधायचा.

आता कोणी विचारेल, हे सगळं इतकं सोपं असेल तर दुरुस्ती मागे का पडली? लोक आळशी झाले, असं उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. वस्तू बनवण्याची रीतच बदलली आहे. जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर कधीकधी सर्किटची आकृती चिकटवलेली असे. आज सर्किटचा नकाशा कंपनीचं गुपित असतो. स्क्रूंच्या जागी गोंद आला. बॅटरी नखाने निघायची, ती आता काचेखाली चिकटवलेली असते. सुट्या भागाला कंपनीच्या सॉफ्टवेअरची संमती लागते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनचा अस्सल पडदा काढून बसवला तरी फोन इशारे देतो किंवा एखादी सोय बंद करतो, कारण त्या भागाचा क्रमांक त्या फोनशी जोडलेला असतो. यातलं थोडंफार पातळपणासाठी, पाण्यापासून बचावासाठी किंवा चोरीला आळा घालण्यासाठी असतं, हे मान्य. पण अडवणुकीचा फायदा कोणाला होतो, हेही उघड आहे.

उद्योगाने ठरवून आयुष्य कमी केल्याचं उदाहरण इतिहासात आहे. १९२४ साली जिनिव्हात फीबस नावाचा बल्ब कंपन्यांचा गट स्थापन झाला. ओसराम, फिलिप्ससारख्या बड्या कंपन्या त्यात होत्या. त्यांनी बल्बाचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं आणि ज्या कारखान्याचे बल्ब जास्त टिकत त्याला दंड लावला. मात्र प्रत्येक मोडक्या वस्तूमागे असा कट शोधणं बरोबर नाही. बहुतेक वस्तू लवकर मरतात त्या दोन रुपये वाचवण्यासाठी घातलेल्या हलक्या कपॅसिटरमुळे. तो हलका आहे हे ग्राहकाला दुकानात कळण्याची सोय नसते, हा खरा अन्याय आहे.

सॉफ्टवेअरमुळेही धडधाकट यंत्र निकामी ठरतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य कॉम्प्युटर यंत्र म्हणून व्यवस्थित चालतात. त्यांत लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली घातली की टंकलेखन, हिशेब, इंटरनेट, शाळेचा अभ्यास सगळं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांना आणि गावच्या वाचनालयांना असे कॉम्प्युटर मिळाले तर किती मुलांचा हात कीबोर्डवर बसेल, याचा विचार या पुस्तकाच्या वाचकांपैकी सॉफ्टवेअरमधल्या मंडळींनी जरूर करावा. फोनांच्या बाबतीतही असं घडलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण ग्राहकाला ते सांगितलेलं नव्हतं. फ्रान्समध्ये त्याबद्दल २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. बॅटरी बदलली असती तर ज्यांचं भागलं असतं, अशा किती जणांनी नवा फोन घेतला असेल!

जगात यावर काम सुरू झालं आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशिन यांसारख्या वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. किमतीच्या शेजारीच ग्राहकाला दिसू लागलं की वस्तू उघडायला किती सोपी आहे आणि सुटे भाग मिळतील का. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनचे ठरावीक सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं पुरवणं बंधनकारक आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, ओरेगन अशा राज्यांनी दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले. ओरेगनने २०२४ साली सुट्या भागाला सॉफ्टवेअरने अडवण्यावरच बंधन घातलं. कायद्याची वाट न पाहता लोकांनीही सुरुवात केली. मार्टिने पोस्टमा या पत्रकार बाईंनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. मोडकी वस्तू घेऊन या, जाणकार स्वयंसेवकाशेजारी बसा आणि दोघं मिळून ती दुरुस्त करा, एवढाच नियम. आज असे कॅफे जगात हजारांनी आहेत. भारतात बंगळुरूत २०१५ पासून हा उपक्रम चालला.

आपल्या सरकारचं पाऊल अर्धवट आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले, २०१६ साली बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून २०२२चे नवे नियम लागू झाले. त्यांत उपकरणांची यादी २१ वरून १०६ वर गेली, हे चांगलं झालं. पण उत्पादकाला जे उद्दिष्ट दिलं आहे ते पुनर्चक्रीकरणाचं. वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली तर उत्पादकाची जबाबदारी मुख्यतः पुढे ढकलली जाते. टिकाऊ आणि दुरुस्त होणारी वस्तू बनवणाऱ्याला त्यात ठोस फायदा नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपन्यांची माहिती एकत्र देणारं पोर्टलही सुरू केलं. हक्क देणारा कायदा मात्र अजून नाही. तो व्हायला हवा, आणि त्यात सुट्या भागांबरोबर सर्किटच्या आकृत्याही मेकॅनिकला मिळाल्या पाहिजेत. आकृतीशिवाय बोर्ड दुरुस्त करायला लावणं म्हणजे रोग्याला हात न लावता उपचार करायला सांगणं.

एका गोष्टीबद्दल मला वाचकांना कळकळीने सांगायचं आहे. लेखकाने प्रत्येक प्रकरणाच्या आधी चौकटीत धोक्याच्या सूचना दिल्या आहेत. त्या ओलांडून पुढे जाऊ नका. प्लग काढला म्हणजे वस्तू मेली असं नसतं. घरातल्या २३० व्होल्टचा डीसी केला की तो सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ राहू शकतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या कपॅसिटरवर २,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्याने माणसं दगावली आहेत. मायक्रोवेव्ह घरी उघडायचाच नाही. जुन्या खोक्याच्या टीव्हीचंही तेच. एलईडी बल्बातली चकतीसुद्धा चालू असताना थेट लाइनवर असते, म्हणून होल्डरमध्ये बल्ब असताना टोपण काढून बोट लावू नये. फोनची फुगलेली बॅटरी टाचणीने, चाकूने, कशानेच टोचायची नाही आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत तर मुळीच टाकायची नाही. घंटागाडीत ती दबली की पेट घेते. सोल्डरिंग खिडकीजवळ करावं, नंतर हात साबणाने धुवावेत, कारण आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सोल्डरच्या तारेत अजून शिसं असतं.

सगळंच दुरुस्त करावं, असंही हे पुस्तक म्हणत नाही, आणि त्या प्रामाणिकपणासाठी मला ते आवडलं. दिवसभर चालणाऱ्या वस्तूंचा हिशेब वेगळा असतो. जुना छताचा पंखा ७०-७५ वॅट वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा तेच वारं ३० वॅटच्या आसपास देतो. वीस-पंचवीस वर्षांचा फ्रिज पुन्हा पुन्हा गॅस भरून चालवण्यापेक्षा बदललेला बरा. याउलट फोन, लॅपटॉप, टीव्ही, ऑडिओ सिस्टीम यांचा मोठा भार उत्पादनातच झालेला असतो; तिथे दुरुस्ती जवळजवळ नेहमीच जिंकते. शेवटच्या प्रकरणातला तक्ता हा निर्णय घ्यायला मदत करतो. कोणत्या वस्तूतून फेकण्याआधी कोणते भाग काढून ठेवावेत, हेही त्यात आहे.

पुस्तक वाचायला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, स्क्रू-ड्रायव्हरांचा संच, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, थोडी फ्लक्स आणि फोटो काढण्यापुरता मोबाइल एवढं पुरेसं आहे. फोटो कशासाठी, तर प्रत्येक स्क्रू काढण्याआधी एक काढावा; परत जोडताना कोणती वायर कुठे होती हे आठवत नाही, आणि कित्येक उपकरणं दुरुस्तीत नाही, तर परत जोडताना बिघडतात. शाळांच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे की भौतिकशास्त्राच्या तासाला नव्या किटबरोबर एक मोडका रेडिओही टेबलावर ठेवावा. विद्युतधारा मुलांना त्यात जास्त चांगली दिसेल. गृहनिर्माण सोसायट्यांनी आणि वाचनालयांनी महिन्यातला एक रविवार मोडक्या वस्तूंसाठी ठेवावा, गावातल्या निवृत्त मेकॅनिकला सन्मानाने बोलवावं.

आणि जे काम आपल्याला जमत नाही, ते घेऊन गल्लीतल्या मेकॅनिककडे जा. भाग दहा रुपयांचा होता, मग तीनशे कसले घेतोस, असं त्याला विचारू नका. दहा रुपयांचा भाग कोणता, हे शोधायला त्याला दोन तास लागले आणि ते शोधता येण्यासाठी त्याने वीस वर्षं घालवली. त्या मजुरीत घासाघीस करून आपण शंभर रुपये वाचवतो आणि त्याच्या मुलाला हे काम न करण्याचं कारण देतो. मजुरी पूर्ण द्या, चांगल्या कामाबद्दल शेजाऱ्यांना सांगा आणि पुढची वस्तू विकत घेताना दुकानदाराला आधी विचारा की तिचे सुटे भाग मिळतात का आणि ती उघडते का.